घरातली वीजबचत करून देणं वीज कंपनीवर बंधनकारक असावं का? (तिघांची चर्चा; शेवटचा खांब, वाइंडिंगवाला आणि डीपी ते मीटर ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

शेवटचा खांब
ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये मोठ्या वीज-गॅस पुरवठादारांवर कायद्यानं बंधन आलं: गरजू घरांच्या भिंती-छतांना उष्णतारोधक थर लावून द्यायचा आणि ठरलेली बचत गाठायची. आपल्याकडे राज्य वीज नियामक आयोगाचे मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकाचा वीजवापर आटोक्यात ठेवण्याचे, विनियम २०१० मध्ये आले. पण त्यातून गावातल्या ग्राहकाला 'माझ्या घरात बचत करून द्या' असं म्हणता येत नाही.

विदर्भातला हिशोब मे महिन्याचा करा. टिनाचं घर, १८० वॅटचा कूलर १२ तास: महिन्याला ६५ युनिट. ७५ वॅटचे दोन पंखे १६ तास: ७२ युनिट. दिवे-टीव्ही न धरताच १३७ झाले, आणि शंभराच्या वरच्या युनिटचा दर दुपटीच्या आसपास आहे. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालणाऱ्या, कमी वीज घेणाऱ्या मोटारीचे) असले तर ७२ चे २९ होतात. कंपनीनं असे दोन पंखे बिलातल्या हप्त्यावर द्यावेत. केंद्राच्या उजाला योजनेतले एलईडी दिवे असेच हप्त्यावर मिळाले होते.

वाइंडिंगवाला
विरोध आहे. कंपनीनं केलेला खर्च आयोगाच्या मंजुरीनं दरातच येतो. म्हणजे ज्याच्या घरी एकच पंखा आहे, तोही दुसऱ्याच्या पंख्याचे पैसे भरणार.

दुसरं दुरुस्तीचं. साधा पंखा हळू झाला की बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा नवा टाकला की दहा मिनिटांत पंखा चालू, तोही गावातच. बीएलडीसीचं कार्ड जळलं तर तालुक्यालाही ते मिळेलच असं नाही. मग ३० वॅटचा पंखा माळ्यावर जातो आणि जुना ७५ वॅटचा परत छताला लागतो. बचत कागदावर राहते.

डीपी ते मीटर
भाऊ, कार्ड जळतं कशानं ते पाहा. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरपाशी वीज वाटली जाते तिथला) न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड सैल झाला की एका घरात १६० व्होल्ट आणि शेजारी ३०० पर्यंत जातात. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो, त्यामुळे तोही सावरून घेत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार नुसती पिळून बांधलेली असते. तो जोड काळा पडतो, तापतो, सुटतो. तिथं द्विधातू लग (दोन धातूंच्या तारा जोडायचं टोक) आणि दाबून बसवलेला जोडच हवा.

कमी व्होल्टेजचंही तसंच. २३० ऐवजी १८० मिळाले तर कूलरच्या मोटारीची ताकद ६० टक्क्यांवर येते. मोटार नुसती गुणगुणते, तापते, वाइंडिंग जळतं. म्हणून बंधन घालायचंच तर आधी लाईनचं घाला. शेवटच्या खांबावर उन्हाळ्यात आठवडाभर व्होल्टेजची नोंद घ्या, मग पंखे वाटा.

शेवटचा खांब
लाईनचं पटलं. पण लाईन सुधारेपर्यंत घरानं तापतच राहायचं का? छताचं काम तर डीपीवर अवलंबून नाही. स्लॅबला चुना लावायचा असेल तर तो रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक किंवा फेविकॉल घालून दोन हात द्यावेत, तेही मार्चच्या आत. पावसाळ्यात तो धुपतो, दरवर्षी लावावा लागतो. टिनावर चुना टिकत नाही, पापुद्रे निघतात. तिथं गंज खरवडून प्राइमर आणि वर पांढरा उष्णतारोधक रंगच लागतो. हा खर्च मजुराच्या घराला झेपत नाही, म्हणूनच बंधन हवं.

कूलरचंही सांगणं कंपनीचं काम आहे: समोरची खिडकी उघडी नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि कूलर रात्रभर चालूनही गार वाटत नाही. बोरच्या जड पाण्यानं कूलरच्या जाळीतल्या वूडवूलवर, म्हणजे घासवर, क्षार चढतात, हवा अडते. दर हंगामाला घास बदलावी.

वाइंडिंगवाला
छताला माझा विरोध नाही, त्यात जळण्यासारखं काही नाही. पण ते पैसे सरकारच्या तिजोरीतून यावेत, वीजदरातून नाही. पंख्यासाठी दोन अटी: पाच वर्षांची हमी, आणि बदली कार्ड तालुक्याच्या उपविभागात ठेवलेलं. आणि बचत मोजायची ती वाटलेल्या नगांवरून नाही, मागच्या आणि यंदाच्या मे महिन्याच्या मीटर वाचनावरून.

डीपी ते मीटर
मीटर वाचन धरायचं तर दोन्ही वर्षांची व्होल्टेजची नोंदही सोबत धरा. यंदा व्होल्टेज सुधारलं तर तोच कूलर जास्त युनिट ओढेल, आणि बचत झाली असूनही आकड्यात दिसणार नाही.