रेझ्युमेत 'अनुभव' म्हणून काय लिहू?

देवगडची आहे, एस.वाय.बी.कॉम. रत्नागिरीत इंटर्नशिपसाठी रेझ्युमे मागितलाय. बारावीचे टक्के, एमएस-सीआयटी लिहिलं, पुढे पान कोरं. नोकरी कधी केलीच नाही; एप्रिल-मे बाबांच्या आंब्याच्या पेट्या भरण्यातच जातात.

उत्तर: अगं, मग तोच अनुभव! वाशी मार्केटहून येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, कोण जुळवतं?

मीच, दोन सीझन. गेल्या वर्षी ३४० पेट्या, सगळं एक्सेलमध्ये. हमाली, तोलाई, भाडं वजा होतं ना, त्यात एकदा भाडं दोनदा कापलेलं मलाच दिसलं. बाबा अजून सांगत फिरतात.

उत्तर: मग हेच लिही, आकड्यांसकट. एकच पान, पीडीएफ करून. आणि रास, उंची, 'वडिलांचा व्यवसाय' काढ बाई, तो लग्नाचा बायोडेटा झाला!

…उंची लिहिली होती. काढते.