तिमोफेयेव-रेसोव्स्की हिटलरच्या जर्मनीत राहिला ते बरोबर होतं का?

गोगलगाय:
निकोलाय तिमोफेयेव-रेसोव्स्की, किरणोत्सर्गाने जनुकांचं काय होतं यात आयुष्य घालवलेला रशियन शास्त्रज्ञ. १९२५ ला मॉस्कोहून बर्लिनला गेला, तिथे फळमाश्यांवर एक्सरे मारून म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, मोजत बसला आणि १९३५ ला झिमर आणि डेलब्रुक या भौतिकशास्त्रज्ञांबरोबर पेपर काढला, की डोस वाढेल त्या प्रमाणात म्युटेशन वाढतात, म्हणजे जनुक ही रेणूसारखी खरीखुरी वस्तू असणार. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने पुढे जनुकाबद्दल लिहिलं ते याच्याच आधारावर. कामाबद्दल वादच नाही. पण १९३७ ला सोव्हिएत सरकारने परत बोलावलं तर गेला नाही, १९४५ पर्यंत बर्लिनलाच. मला हे पटत नाही. मायदेशी नको तर अमेरिकेतून बोलावणं आलं होतं की, तिकडे जायचं!

वाकडी_वाट:
परत जाऊन काय झालं असतं ते तिथल्याच जनुकशास्त्रज्ञ वाविलोवकडे बघा. १९४० ला उचलला, १९४३ ला सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने मेला. याचे गुरू कोल्त्सोव, त्यांनीच निरोप धाडला होता की येऊ नकोस. आणि याचा मुलगा फोमा नाझींविरुद्ध काम करत होता, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, १९४३ ला धरला, माउटहाउजेनच्या छावणीत मेला बिचारा. बापाचं नाझींशी साटंलोटं असतं तर असं झालं असतं?

गोगलगाय:
मुलाचं धाडस बापाच्या खात्यात कशाला टाकताय?

हाफ_लाइफ:
तुम्ही दोघं बर्लिनलाच अडकलात राव. १९४५ ला रशियनांनी पकडला, दहा वर्षांची शिक्षा, कारागांडाच्या छावणीत पेलाग्राने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगाने, मरता मरता वाचला, डोळे जवळजवळ गेलेच. मग अणुबॉम्बवाल्यांना किरणोत्सर्ग कळणारा माणूस हवा म्हणून १९४७ ला उरलमधल्या सुंगुलच्या गुप्त लॅबमध्ये. गंमत बघा, १९४८ ला स्टालिनचा लाडका शेतीतज्ज्ञ लिसेंकोने देशभर जनुकशास्त्र बंद पाडलं आणि हा तारांच्या कुंपणाआड तेच करतोय! पण मला टोचतं ते वेगळंच. १९४९ पासून त्याच भागातल्या बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या मायाक कारखान्याचं किरणोत्सर्गी सांडपाणी तेचा नदीत सोडत होते, खालच्या गावांना पत्ता नाही, आणि हा अभ्यास करतोय की पाण्यातून गाळात नि वनस्पतींत आयसोटोप, म्हणजे किरणोत्सर्गी अणू, कसे जातात. ते ज्ञान त्या गावांच्या काय कामाचं?

वाकडी_वाट:
अहो कैदी होता तो! कोणाला सांगणार, पहारेकऱ्याला?

हाफ_लाइफ:
तेव्हा कैदी होता, कबूल. नंतर गप्प का?

वाकडी_वाट:
नंतर तरी कुठलं मोकळं रान, सगळं गुप्ततेच्या शिक्क्याखाली. तरी उरलमधल्या मियास्सोवोला तळ्याकाठी उन्हाळ्यात तरुण पोरं जमवून जनुकशास्त्र शिकवायचा, लिसेंकोचा वट होता तेव्हा. हे गप्प बसणं नाही.

गोगलगाय:
शिकवलं ते छानच. पण १९८१ ला ओब्निन्स्कला वारला तेव्हाही सरकारदरबारी गुन्हेगारच, निर्दोष ठरवला १९९२ ला. त्या कागदाने माझा प्रश्न सुटत नाही, अमेरिकेचं बोलावणं युद्धाच्या आधीचं होतं.

वाकडी_वाट:
दहा वर्षं जमवलेली लॅब, झिमरसारखा जोडीदार, सगळं सोडून? तुम्ही गेला असता?

गोगलगाय:
१९३६ च्या बर्लिनमधून? पहिल्या बोटीने.