मदत हवी आहे: क्वालालंपूरमधील एका सकाळी बातू गुहा आणि हस्तकला

नमस्कार. पुढील महिन्यात आई-वडिलांसह क्वालालंपूरला जात असून परतीच्या विमानापूर्वी आमच्या हाती केवळ एक सकाळ आहे. तेवढ्यात बातू गुहांतील मंदिरे आणि बाटिक (मेण लावून रंगवलेले कापड) व प्यूटर (कथलाचा मिश्रधातू) यांचे कारखाने दाखवणारी अर्ध्या दिवसाची बस-सहल घ्यावी, की केएल सेंट्रल या शहरातील मुख्य रेल्वे स्थानकाहून लोकलने थेट गुहांपर्यंत जावे, हे ठरत नाही. बाटिकच्या कारागिराला बारीक तोटीच्या लेखणीने कापडावर गरम मेणाची रेघ ओढताना आणि रंगवल्यावर ते मेण उकळत्या पाण्यात उतरताना मला प्रत्यक्ष पाहायचे आहे. पण अशा सहलींत कारागिरापुढे पाच मिनिटे आणि विक्रीच्या दालनात पाऊण तास, असे तर होत नाही ना?

दुसरी अडचण पायऱ्यांची. मुख्य गुहेपर्यंत २७२ चढ्या पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. ती पायथ्याशीच थांबली, तर रामायण गुहा तिला निवांतपणे पाहता येईल का, की आतही चढउतार आहे? (तिथले मुख्य दैवत मुरुगन म्हणजे आपले कार्तिकस्वामी, म्हणून बायकांनी दर्शन घ्यावे की नाही, अशी शंका तिने काढली आहेच, तिथे तमिळ स्त्रिया सर्रास दर्शन घेतात, हे मी सांगितले आहे.)

वानर हातातील पिशव्या ओढतात, असेही ऐकले आहे. जाऊन आलेल्यांनी वेळेचा नेमका हिशेब आणि आधी गुहा की आधी कारखाने, हे कृपया सांगावे.