दोन मेथडिस्ट मंडळ्या, एक गोरी आणि एक कृष्णवर्णीय: समेटाच्या बैठका कशा घ्याव्यात?

सुमन_आ

सलाम. जॉर्जियातल्या एका लहान शहरात आमची युनायटेड मेथडिस्ट मंडळी आहे. बहुतेक सगळे गोरे, आणि आम्ही चार भारतीय कुटुंबं. चार चौक पलीकडे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे एएमई मंडळी आहे, जवळपास सगळे कृष्णवर्णीय. आतापर्यंत वर्षातून एकदा एकत्र भक्ती होते, गायकवृंद एकमेकांकडे जातात, फोटो निघतात आणि पुढच्या वर्षापर्यंत कुणी कुणाला भेटत नाही. आता दोन्ही पाळकांनी ठरवलंय की वंशभेदावर समोरासमोर बसून बोलायचं. समितीत मला घेतलंय, कारण "तुम्ही कोणत्याच बाजूच्या नाही."

किती माणसं, किती बैठका, कुठे, सुरुवात कशाने? कुठे बिघडतं? आणि आमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, "आम्ही स्वतः कुणावर अन्याय केला? जुनं कशाला उकरायचं?" त्यांना काय उत्तर द्यावं?

टेबल_क्रमांक_३

सुमनताई, आधी आकडे सांगतो, कारण बहुतेक बैठका हेतू वाईट म्हणून फसत नाहीत, मांडणी चुकते म्हणून फसतात.

चोवीस माणसं घ्या, बारा-बारा. तीन टेबलं, प्रत्येकी आठ जण, चार इकडचे चार तिकडचे. ही बरोबरी सोडू नका. सात गोरे आणि एक कृष्णवर्णीय असं टेबल झालं की तो एक माणूस संपूर्ण समाजाचा वकील होऊन बसतो. त्याला स्वतःचं मत मांडायला जागाच उरत नाही. तुमच्याकडून तीस नावं आली आणि तिकडून बाराच, तर अठरा जणांना पुढच्या फेरीसाठी थांबवा. वाईट वाटेल, पण थांबवा. भारतीय कुटुंबांतून एका टेबलाला एकापेक्षा जास्त नको, आणि तो तुमच्या मंडळीच्या चारांत मोजायचा.

प्रत्येक टेबलाला दोन सूत्रधार, दोन्हीकडचा एकेक. म्हणजे सहा जण, आणि त्यांची आधी निदान दोन वेळा तालीम. दोन्ही पाळक सूत्रधार नकोत. पाळक टेबलावर असले की माणसं त्यांना पटेल असं बोलतात.

बैठका सहा, पंधरा दिवसांच्या अंतराने. महिन्याने ठेवल्या तर मागचा धागा तुटतो, दर आठवड्याला ठेवल्या तर माणसं दमतात. वार ठरवताना जपा: दक्षिणेत बुधवारची संध्याकाळ पुष्कळ मंडळ्यांत बायबल अभ्यासाची किंवा गायनाच्या सरावाची असते. रविवारी दुपारही नको. तुमची भक्ती बाराला सुटेल, त्यांची कदाचित दीडला. पहिल्याच दिवशी एक गट ताटकळत बसेल. मंगळवार किंवा गुरुवार घ्या.

जागा आलटून पालटून. श्रीमंत मंडळीचं स्वयंपाकघर मोठं, पार्किंग मोठं, म्हणून सगळ्याच बैठका तिकडे होतात आणि दुसरे कायमचे पाहुणे ठरतात. पाहुणा यजमानाच्या घरात खरं बोलत नाही. पहिली बैठक एएमई मंडळीत घ्या. वाढायला दोन्हीकडचे उभे राहोत.

संध्याकाळचा हिशेब असा. सहाला जेवण, पस्तीस मिनिटं, ठरलेल्या टेबलावरच. मग दहा मिनिटं प्रार्थना आणि नियम. मग फेरी: एकच प्रश्न, प्रत्येकाला चार मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही, "मलाही तसंच वाटतं" एवढंसुद्धा नाही. आठ जणांची बत्तीस मिनिटं, आणि दोन बोलण्यांच्या मध्ये थोडी शांतता धरून चाळीस. मग अर्धा तास खुली चर्चा, शेवटी पंधरा मिनिटांत प्रत्येकाचं एक वाक्य. सव्वाआठला घरी. लांबवू नका, लहान मुलं असलेल्यांची गळती तिथूनच सुरू होते. मुलं सांभाळायला दोन माणसं पैसे देऊन ठेवा.

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे. पहिल्या बैठकीत "वंशभेदाबद्दल काय वाटतं" विचारलंत तर भाषणं ऐकाल. "तुम्ही वाढलात त्या गल्लीत कोण राहत होतं, कोण राहत नव्हतं, आणि ते तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" असं विचारा. यावर कुणालाही वाद घालता येत नाही आणि उत्तरात सगळा इतिहास असतो. तिसऱ्या बैठकीत मंडळ्यांच्या नोंदी. चौथीत आजचं: शाळा, पोलीस, घरकर्ज. पाचवीत पवित्र शास्त्र. सहावीत निर्णय.

शास्त्र पाचव्या बैठकीत ऐकून तुमचे पाळक दचकतील. पण बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली, ख्रिस्ताने पाडलेली आडभिंत पहिल्याच दिवशी वाचली, की सगळे मान डोलावतात आणि "ख्रिस्तात आपण एकच" म्हणून विषय मिटतो. भिंत कुठे आहे हे आधी दिसू दे.

नियम चारच: ध्वनिमुद्रण नाही, फोटो नाही, ऐकलेलं दुसऱ्याच्या नावाने बाहेर सांगायचं नाही, दुखावलात तर उठून जाण्याआधी सूत्रधाराला सांगायचं. आणि कुणी गोरी व्यक्ती रडू लागली तर टेबलावरच्या कृष्णवर्णीयांनी तिला सावरायचं नाही. ते काम गोऱ्या सूत्रधाराचं. हे तालमीत करून बघा, नाहीतर ऐन वेळी अख्खं टेबल रडणाऱ्याभोवती गोळा होतं आणि जिच्या बोलण्यावरून रडू आलं तिचं बोलणं अर्धवट राहतं.

जुनी_दप्तरं

ज्येष्ठांच्या प्रश्नाबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. "जुनं कशाला उकरायचं" म्हणणाऱ्यांनाच चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायला बसवा.

तुमचं चर्च यादवी युद्धाच्या आधीचं असेल तर सभासदांची वही दोन भागांत असण्याची दाट शक्यता आहे. गोऱ्यांची पूर्ण नावं, खाली कृष्णवर्णीयांची नुसती पहिली नावं आणि समोर मालकाचं आडनाव. बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजन घेणारा माणूस, आणि त्याच्या नावापुढे तो कुणाचा आहे ते लिहिलेलं. अशा पानावर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचायला लावा. तिसऱ्या बैठकीत दुसरं काही करायची गरज पडत नाही.

तुमच्या दोन्ही मंडळ्या मेथडिस्ट आहेत, तेव्हा फूट कशी पडली ते दोन्हीकडच्यांना नीट माहीत हवं. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवलं गेलं. परंपरेने साल १७८७ सांगतात, काही इतिहासकार ते १७९२ च्या सुमाराचं मानतात. उठवलेल्यांत ॲबसलम जोन्स होते. रिचर्ड ॲलन त्यांच्यासोबत बाहेर पडले. त्यातून १७९४ मध्ये बेथेल चर्च उभं राहिलं आणि १८१६ मध्ये एएमई हा स्वतंत्र पंथ झाला. सिद्धांतावरून नाही, बसण्याच्या जागेवरून.

पुढचा धागा तुमच्या जॉर्जियाचाच आहे. तिथले बिशप जेम्स अँड्र्यू गुलामांचे मालक होते, आणि १८४४ च्या सर्वसाधारण परिषदेत त्यावरून मेथडिस्ट दुभंगले. १९३९ मध्ये उत्तर-दक्षिण गोरे एकत्र आले, पण अट अशी की पाच प्रांत भूगोलावर आणि सहावा, सेंट्रल ज्युरिस्डिक्शन, कृष्णवर्णीयांसाठी वेगळा. तो १९६८ पर्यंत टिकला. तुमच्या ज्येष्ठांपैकी जे आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत त्यांच्या तरुणपणीचं आहे हे. "आम्ही केलं नाही" हे खरं असेल, "आमच्या वेळचं नाही" हे खरं नाही.

घरांच्या नोंदीही बघा. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात वसाहतीच्या नावावरून जुनी खरेदीखतं मिळतात. १९२० ते १९४० च्या दशकांतल्या पुष्कळ खतांत हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू किंवा भाड्याने देऊ नये, असं कलम असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं की अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणायची नाहीत. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभावच बेकायदा ठरला. पाळकांच्या राहत्या घराचं खत आधी काढा. तिथे कलम सापडलं तर ते पान टेबलावर ठेवा.

शोधाला दोन महिने धरा. दोन्ही मंडळ्यांचे दोन-दोन जण मिळून शोधू देत. गोऱ्यांनी शोधून कृष्णवर्णीयांना दाखवलं, तर ते पुन्हा एक सादरीकरण होतं. आणि एएमई मंडळीच्या घरांत जे तोंडी चालत आलंय ते कुठल्याच वहीत नसतं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर तुमच्याच राज्यात मेकनला आहे. दोन फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चेस, एक गोरं एक कृष्णवर्णीय, जवळजवळ पाठीला पाठ लावून. मूळ मंडळी एकच, १८२६ ची. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय सभासद वेगळे झाले. गोऱ्या चर्चच्या व्यासपीठावरून १८६१ मध्ये पाळक वॉरन यांनी शास्त्राच्या आधारे गुलामगिरीचं समर्थन केलं, ते छापूनही आलं. दोन्हीकडचे पाळक, स्कॉट डिकिसन आणि जेम्स गूल्सबी, आधी नुसते एकमेकांसोबत जेवू लागले, मग ईस्टरला मुलांचे खेळ एकत्र, मग २०१५ मध्ये दोन्ही मंडळ्यांचा लेखी करार. काही आठवड्यांतच, १७ जूनला, चार्ल्सटनच्या इमॅन्युएल एएमई चर्चमध्ये बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने ठार मारलं. करार आधी झालेला होता, म्हणून त्या आठवड्यात कुणाला फोन करायचा हे दोन्हीकडे माहीत होतं.

सुमन_आ

नोंदवह्यांचं मनावर घेतलं, उद्याच कपाटाची किल्ली मागते. एक सांगा: आमचे पाळक म्हणतात की शेवटच्या बैठकीत आमच्या मंडळीने सगळ्यांसमोर क्षमा मागावी आणि मग एकत्र प्रभुभोजन. हे बरोबर आहे का?

केप_ते_कोकण

घाई करू नका. क्षमा मागणं गैर नाही, पण लगेच उत्तर मिळेल अशी रचना केली की समोरच्यावर सक्ती होते. ताट समोर ठेवल्यावर "नाही" कोण म्हणेल?

दक्षिण आफ्रिकेत हे सगळ्यांसमोर घडलं. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या चर्च परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी वर्णद्वेषातला स्वतःचा आणि आपल्या चर्चचा दोष कबूल केला. डेझमंड टूटू उठले आणि त्यांनी ती कबुली स्वीकारली. खरं तर मोठा क्षण. पण कृष्णवर्णीय प्रतिनिधींतून लगेच प्रश्न आला: आमच्या वतीने स्वीकारायचा अधिकार कुणी दिला, आणि कबुलीनंतर काय? तो प्रश्न योग्यच होता. त्याच पंथाने १८५७ मध्ये "काहींच्या दुर्बळतेमुळे" वेगळी उपासना चालवून घेतली होती आणि पुढे वेगळी चर्चेसच काढली. वेगळ्या काढलेल्या चर्चने १९८६ मध्ये, वंशावरून चर्चची विभागणी नाकारणारा बेल्हारचा विश्वासांगीकार स्वीकारला. गोऱ्या चर्चमध्ये तो विश्वासपत्रकांत घेण्याचा प्रस्ताव २०१५ मध्येही पुरेशा मतांअभावी पडला. कबुलीपासून पंचवीस वर्षं.

चार्ल्सटनच्या वेळीही हेच दिसलं. हत्येनंतर दोन दिवसांत काही नातेवाइकांनी न्यायालयात मारेकऱ्याला क्षमा केल्याचं सांगितलं. ती त्यांची श्रद्धा, त्यापुढे मान झुकते. पण ज्यांनी तेव्हा क्षमा केली नाही त्यांचंही दुःख तेवढंच खरं होतं, आणि त्यांच्याकडे कमी लोकांनी लक्ष दिलं.

म्हणून क्रम असा ठेवा. मंडळीच्या प्रशासकीय समितीत लेखी ठराव, त्यात काय घडलं ते तारखांसह. "काही चुका झाल्या असतील तर" असले शब्द नकोत. ठरावाबरोबर पैशाचा आकडा आणि मुदत. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने सभा घेतली नाही. किती देणार आणि किती पट परत करणार ते सांगितलं. व्हर्जिनियाच्या एपिस्कोपल सेमिनरीने २०१९ मध्ये १७ लाख डॉलरचा निधी वेगळा काढला, कारण तिथल्या इमारतींत गुलामांचे श्रम होते. तुमचा आकडा लहान असेल, चालेल. खात्यावर दोन्ही मंडळ्यांच्या सह्या हव्यात, आणि खर्च कशावर करायचा ते एएमई मंडळी सुचवेल. ठराव वाचून दाखवा आणि घरी जा. उत्तर द्यायचं की नाही, कधी द्यायचं, ते त्यांच्यावर.

प्रभुभोजनाला पंथांची आडकाठी नाही, २०१२ पासून दोन्ही पंथांत पूर्ण सहभागिता आहे. पण आमंत्रण यायचं तर ते त्यांच्याकडून येऊ दे.

नगरची_लेक

सुमनताई, "तुम्ही कोणत्याच बाजूच्या नाही" हे मात्र मान्य करू नका. आपल्याला अमेरिकेचं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्यात झाला. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या मंडळीसमोर आपण पंच म्हणून बसणं शोभत नाही. आपल्या मराठी मंडळ्यांतही सोयरीक जुळवताना "मूळचे कोण" हे अजून विचारलं जातं. पहिल्या फेरीत गल्लीच्या प्रश्नावर तेच सांगा. गावात विहीर कुणाची होती, आपली माणसं पाणी कुठे भरत होती.

हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटले. त्याच दौऱ्यात, खैबर खिंडीपाशी, सर्व वंशांच्या एकत्र चर्चचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला, आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गोऱ्या सहपाळकासोबत त्यांनी तसं चर्च उभं केलं. त्या दौऱ्यात थर्मन यांनाच विचारलं गेलं की गुलामगिरी चालवणाऱ्यांचा धर्म तुम्ही कसा पाळता. तुमच्या टेबलावरही कुणीतरी असा अडचणीचा प्रश्न विचारेल. उत्तर तयार ठेवा.

टेबल_क्रमांक_३

एक राहिलं. सहाव्या बैठकीनंतर चोवीस जणांतून चौघांची जोडसमिती लगेच नेमा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच लिहा. तारीख न लिहिता उठलात तर पुन्हा वर्षभराने गायकवृंदच भेटतील.