मदत हवी आहे: वडिलांचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर नावावर करून घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कराडकडचे, ऊस करतो. वडील यंदा ७४ चे झाले. परवान्याच्या नूतनीकरणासाठी आता खेटे घालणार नाही म्हणतात. "तुझ्या नावावर करून घे, नाहीतर विकून टाक."

वस्तू म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ चं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं. बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे मोडते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. खंडेनवमीला पाटावर कोयता, फाळ आणि शेजारी हे, असं लहानपणापासून बघत आलोय. उडालेलं मात्र मी दोनदाच ऐकलंय.

अडचण अशी, की २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. माझ्याकडे आजोबांची बारा बोअर दुनळी आणि एक .२२ रायफल आधीच आहे. हे घ्यायचं तर त्यातलं एक सोडावं लागेल.

त्यात वाचत गेलो तसा उत्साह मावळला. या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा प्रकार १८९६ चा. ९८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम सव्वासहा ग्रॅमची गोळी, आणि जोर नऊ एमएमच्या साधारण एक तृतीयांश. बाहेरच्या देशांत स्वसंरक्षणासाठी आता फारसं कोणी घेत नाही. आपल्याकडे कायद्यानेच तगवलंय म्हणायचं: नऊ एमएम, .३८, .४५५ ही सरकारी दलांची काडतुसं, म्हणून प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेली मापं. ऐंशीच्या दशकात आयातही थांबली. उरलं बत्तीस, त्यामुळे सगळ्यांच्या कमरेला बत्तीस!

तर ठेवण्यात अर्थ आहे का? की नुसता वाड्यातला हत्ती पोसायचा?

नेमबाज_नाशिक: बत्तीसला अगदीच मोडीत काढू नका. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात आजही बहुतेक जण .३२ वॉडकटरच वापरतात. चपट्या तोंडाची गोळी, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडते. धक्का कमी, म्हणून हात जागेवर राहतो. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणांनी ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच सेंटर फायरमध्ये. पण खरं सांगायचं तर तुमच्या कानपुरीचा चाप जड आणि माशी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) पक्की बसवलेली, सरकवता येत नाही. त्यावर स्पर्धा खेळता येणार नाही. खेळायचं असेल तर .२२ सोडू नका.

जुना_परवानाधारक: दादा, आधी एक बघा. परवान्यावर नुसतं '.३२ बोअर' लिहिलेलं असतं आणि दुकानदार कधी कधी पिस्तुलाची काडतुसं पुढे करतो. ती वेगळी, आखूड, दाबाला जास्त. काही रिव्हॉल्व्हरात बसतातही, पण घालायची नाहीत. तुमच्या डब्यात कुठली आहेत ते तपासा.

हस्तांतराचं म्हणाल तर वडील हयात असतानाच होतं. सत्तरी पार किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलेलं, यापैकी जे आधी होईल ते चालतं. तुम्हाला शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र लागेल.

आणि तुम्हाला रिव्हॉल्व्हर लागणार कशाला? रानडुकरांना हाकलायला बारचा आवाज दुनळीचाच. शिवाय निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा, संपली की आणायला जा. २०२४ मध्ये मी लोकसभेला एकदा, विधानसभेला एकदा असे हेलपाटे घातले. मी तुमच्या जागी असतो तर विकलं असतं.

मूळ धागाकर्ता: दोघांचेही आभार. डबा उघडला. अकरा काडतुसं निघाली, त्यातली चार पिस्तुलाचीच! ती बाजूला ठेवलीत. आता दुकानदाराला विचारून नियमाने परत करतो.

विकायचं जवळपास ठरलं होतं. जेवताना वडिलांना तसं सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दुनळी वीक हवी तर. तिला मी कधी तेल घातलं नाही."

आता दुनळी कोणी घेईल का, ते विचारायला वेगळा धागा काढतो.