नऊवारी ‘घालता’ येते का?

चर्चाप्रस्ताव

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी, तयार फेटा, गॉगल आणि पायांत स्पोर्ट्स शूज अशा वेशात मोटारसायकलवर बसलेल्या मुली आता दरवर्षी दिसतात. सणापुरते मी ते समजून घेते. परंतु तोच पोशाख मॉलमध्ये फिरताना किंवा निव्वळ छायाचित्रांसाठी टी-शर्टवर चढवला जातो, तेव्हा मला तो वारशाचा अवमान वाटतो. मराठीत सदरा घालतात आणि साडी नेसतात. सुमारे सव्वाआठ मीटरचे न शिवलेले वस्त्र निऱ्या, ओचा आणि काष्टा यांच्या जोरावर दिवसभर अंगावर राखणे हे कौशल्य आहे. नाडी ओढून दोन मिनिटांत चढवता येणाऱ्या वस्त्राला तेच नाव देणे म्हणजे कौशल्य टाकून रूप तेवढे उचलणे होय. (आजीने मला नेसायला शिकवले, तेव्हा पहिल्या आठवड्यात काष्टा तीनदा सुटला होता, हेही प्रांजळपणे सांगते.)

प्रतिसाद १

आपण दोन प्रश्न एकत्र केले आहेत. शिवलेल्या साडीबद्दलचा आक्षेप मला कळतो. सहज वापराबद्दलचा मुळीच पटत नाही, कारण नऊवारी हे मुळात रोजच्या कामाचेच वस्त्र होते. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या बाया आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणी यांना पाय मोकळे हवे होते, म्हणून काष्टा होता. ती नेसून त्या झोपत, स्वयंपाक करत, भांडतही असत. नऊवारी रोजच्या वापरातून गेली आणि मगच आपण तिच्याकडे हात जोडून पाहू लागलो. शिवाय ज्या गोल पाचवारीला आज आपण बिनदिक्कत ‘पारंपरिक’ म्हणतो, तिलाही एके काळी घरोघरी नाके मुरडली गेली होती. अनेक घरांत सोवळ्यात सकच्छ, म्हणजे काष्टा घालून, नेसणेच चालत असे.

प्रतिसाद २

वरील मताशी बव्हंशी सहमत; मात्र ‘सहज’ कोणासाठी, हेही विचारायला हवे. आमच्या गोव्यात लाल चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारून नेसायची कुणबी साडी शेतात राबणाऱ्या बायकांची होती, आणि त्यामुळेच ती कमी प्रतीची मानली जाई. पुढे गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती फॅशनच्या मंचावर नेली, तेव्हा तिची किंमत आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढली. ते चांगलेच झाले; पण ती नेसून मिरवणाऱ्यांना ती साडी कोणाची, हे ठाऊक नसेल तर मला खटकते, मग प्रसंग समारंभाचा असो वा समुद्रकिनारी फिरण्याचा.

प्रतिसाद ३

मर्यादा कुठेतरी असावीच. खणाच्या पर्स, वह्यांची वेष्टने इथपर्यंत ठीक होते. परवा खणाच्या मोजड्या विक्रीला पाहिल्या. ज्या कापडाने देवीची ओटी भरतो, ते पायांत घालणे मला सहन होत नाही. यास भावनिकता म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

प्रतिसाद ४

ओटीचा खण आणि मोजडीचा खण एकाच ताग्यातून निघू शकतात, आणि खण विणणाऱ्या कर्नाटकातील गुळेदगुड्डच्या विणकराला दोन्हींचे पैसे मिळतात. मी येवल्याजवळचा, त्यामुळे पैठणीबद्दल बोलतो. तिला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ लग्नांतून सर्रास मिरवली जाते आणि तिथे अवमानाचा प्रश्न कोणी काढत नाही. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची नक्षीही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, आणि तेवढ्यासाठी विणकर कित्येक आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिनोन्‌महिने मागावर बसतो. एखादीने खरी पैठणी जीन्सवर ओढणीसारखी घेतली, तर मला आनंदच होईल. कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत पडलेल्या पैठणीमुळे दुसरी पैठणी विकली जात नाही.

प्रस्तावकर्तीचे उत्तर

कोळणींचा मुद्दा मान्य. प्रस्तावात मॉलचा उल्लेख करायला नको होता. परंतु त्या कोळणी नऊवारी नेसत होत्या, आणि माझा आक्षेप तिथेच उभा आहे. शिवलेल्या साडीला खुशाल ‘काष्टा ड्रेस’ म्हणा आणि रोज घाला. प्रतिसाद ४ मधील जीन्सवरच्या पैठणीला माझी हरकत नाही, कारण ती निदान कापलेली तरी नाही.