देखाव्याची आयडिया सुचतच नाहीये, तुम्हाला कुठून सुचतं?

चाळकरी_७:
आमच्या मंडळाच्या देखाव्याचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे आणि यंदा डोकं पार ब्लँक. मीटिंगला पंधरा जण जमतात, चहा होतो, कोणी चांद्रयान म्हणतं कोणी केदारनाथ, मग "ते पलीकडच्या गल्लीवाल्यांनी केलंय" म्हणून दोन्ही बाद आणि अकराला सगळे घरी. काल रात्री कोरी वही घेऊन बसलो, दोन तासांत एक बाप्पा काढला, तोही सोंड वाकडी. लोकांना म्हणे अंघोळ करताना सुचतं, मला तिथे फक्त गिझर बंद केला का एवढंच आठवतं. तुम्हाला कसं सुचतं?

त्र्यंबकवाला:
आमच्या गावच्या माणसाचं सांगतो, दादासाहेब फाळके. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला आणि त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसायला लागले, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण त्याआधी हा माणूस जेजेत चित्रकला शिकलेला, बडोद्याच्या कलाभवनात गेलेला, फोटोग्राफी केलेली, छापखाना काढलेला, जादूचे प्रयोगसुद्धा करायचा. तोच सिनेमा बाकीच्या पब्लिकनेही बघितला की, ते घरी जाऊन जेवले आणि झोपले.
आणि खरी मजा पुढे आहे. १९१२ ला लंडनहून कॅमेरा घेऊन आले तरी लगेच हरिश्चंद्र नाही काढला. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं शूट केलं, महिनाभराचा वेल पडद्यावर मिनिटभरात सरसर वर गेला, ते बघून पैसेवाला तयार झाला. मग ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनला लागला. तू वही उघडून थेट हरिश्चंद्र काढायला बसलायस भावा, आधी वाटाणा पेर.

पुठ्ठा_आणि_खळ:
वाटाणा भारी 😄 माझा अनुभव जरा वेगळा आहे, मला हातात वस्तू असल्याशिवाय काही सुचत नाही. २०१८ ला थर्माकोल बंद झालं तेव्हा आम्ही रडलोच, कारण गरम तारेने घुमट कापायची सवय. मग पुठ्ठा घेतला तर तो एकाच बाजूने वाकतो, घुमट काही होईना. वैतागून वरचा कागद ओला करून सोलला तर आत नागमोडी पन्हळी, आणि एक पोरगा म्हणाला अरे ही तर कौलं! झालं, राजवाडा रद्द, कोकणातलं घर केलं, गेरूने रंगवलं. मीटिंगमध्ये कौलं कोणाच्या बापाला सुचली नसती.

गप्प_बसा:
मीटिंगमध्ये सुचतं हो, पण सुचलेलं तिथेच मारलं जातं. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. आम्ही आता नाव न घालता चिठ्ठ्या मागवतो. मागच्या खेपेला सगळ्यात झकास चिठ्ठी निघाली लायटिंगच्या वायरी गुंडाळणाऱ्या पोराची, ज्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. बाकी ते प्रेरणा वगैरे मला काही कळत नाही.

चाळकरी_७:
थँक्यू सगळ्यांना. काल वही ठेवली घरी आणि मंडळाचा माळा उघडला. चार वर्षांपूर्वीच्या विठ्ठलाच्या देखाव्यातल्या पुठ्ठ्याच्या विटा निघाल्या, शे-दीडशे, निम्म्या उंदरांनी कुरतडलेल्या. एकावर एक रचत बसलो तर कोपऱ्यात आमच्या चाळीच्या जिन्यासारखं काहीतरी दिसायला लागलं, चाळ पुढच्या वर्षी पडतेय, टॉवर होणार. बाप्पा जिन्याच्या वळणावर, जिथे खरं तर सायकली लावतात. अजून नीट सांगता येत नाहीये मला, मीटिंगमध्ये तर बोलणारच नाही. पुठ्ठा भाऊ, कुरतडलेल्या विटेवर कागदाचा लगदा चढेल का?

पुठ्ठा_आणि_खळ:
चढेल. लगद्यात मेथीची पूड घाल, कीड लागत नाही. आणि आजच जाऊन जिन्याचे फोटो काढ, कठडा झिजलाय तो जवळून.